उड्डाणाचे टन मार्ग पाहून विकत घ्या : ताफा-नियोजन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईहून लांब पल्ल्याची उड्डाणे चालवणाऱ्या भारतीय विमान कंपन्यांच्या ताफा-नियोजन व खरेदी समित्या

विषय : वाइड-बॉडी (आत दोन मार्गिका असलेल्या मोठ्या) प्रवासी विमानांचे कमाल उड्डाण वजन ठरवताना मुंबईच्या परिस्थितीचा विचार होण्याबाबत

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

एअर इंडियाने २०२३ मध्ये ४० एअरबस ए-३५०, २० बोइंग ७८७-९ आणि १० बोइंग ७७७-९ विमानांची मागणी नोंदवली. इंडिगोने एप्रिल २०२४ मध्ये ३० ए-३५०-९०० मागवली, आणि ती हाती येण्याआधीच भाड्याने घेतलेल्या ७८७-९ विमानांनी जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमची थेट सेवा सुरू केली. या खरेदीवर वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने लिहिली. किती विमाने, किती डॉलर, बिझनेस क्लासच्या खुर्चीला दार आहे की नाही, हे सारे छापून आले. करारातला जो एक आकडा पुढची वीसेक वर्षे दररोज किती प्रवासी, किती सामान आणि किती माल उचलता येईल हे ठरवणार आहे, त्याचा उल्लेख मात्र माझ्या वाचनात क्वचितच आला. तो आकडा म्हणजे कमाल उड्डाण वजन, उड्डाण घेताना विमानाचे सारे मिळून जास्तीत जास्त जेवढे वजन चालते ते, आपल्या भाषेत एमटीओडब्ल्यू. मी मुंबई विमानतळावर लोड कंट्रोलमध्ये, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब ठेवणाऱ्या विभागात, नोकरी करून निवृत्त झालो आहे. लोडशीटवर, म्हणजे त्या हिशेबाच्या अंतिम कागदावर, सही करणाऱ्या माणसाला या आकड्याची किंमत दर पाळीला कळत असते, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आपणांस ठाऊक असलेली गोष्ट इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. विमानाचे कमाल उड्डाण वजन हा त्याच्या सांगाड्याचा निसर्गदत्त गुण नसतो. सांगाडा एका मर्यादेपर्यंत भार सोसतो हे खरे, पण त्या मर्यादेच्या आत कोणत्या आकड्यावर विमान प्रमाणित करून घ्यायचे हे खरेदीदार ठरवतो आणि त्याप्रमाणे पैसे मोजतो. ए-३५०-९०० हे विमान २०१५ मध्ये सेवेत आले तेव्हा त्याचे वजन २६८ टनांवर प्रमाणित होते. पुढे २७५, २८० आणि २८३ टनांचे प्रकार आले. ए-३३०-३०० ची कथा याहून बोलकी आहे. १९९४ मध्ये हे विमान २१२ टनांवर उडू लागले आणि पुढे त्याच नावाखाली २४२ टनांपर्यंत गेले, आणि त्याच विमानाची १९९ टनांची प्रादेशिक आवृत्तीही कंपनीने २०१३ मध्ये बाजारात आणली. वर जाताना काही वेळा सांगाड्याची मजबुती खरोखरच वाढवावी लागते. खाली येताना बहुधा फक्त कागद बदलतो : उड्डाण-पुस्तिकेतली काही पाने, कॉकपिटमधली एक पट्टी आणि नोंदणीतला एक आकडा. हायवेवरच्या ट्रकचे जसे आरसी बुकात लिहिलेल्या वजनावर सारे ठरते, चेसिसमध्ये दम कितीही असो, तसेच हे आहे.

हा कागद किती किमतीचा घ्यावा, एवढाच माझा विषय आहे. माझे म्हणणे असे की सगळ्या विमानांवर एकच वजन घेणे, मग ते सर्वांत जड असो की सर्वांत हलके, ही मुंबईपुरती तरी चूक ठरेल. टन मार्ग पाहून, ऋतू पाहून आणि उड्डाणाची वेळ पाहून घ्यायला हवेत.

मार्गापासून सुरुवात करतो. विमानाला वजनाच्या तीन वेगवेगळ्या भिंती असतात. पहिली कमाल शून्य-इंधन वजनाची, म्हणजे इंधन सोडून विमान, माणसे आणि माल मिळून किती. दुसरी कमाल उड्डाण वजनाची. तिसरी टाक्यांच्या क्षमतेची. जवळच्या मार्गावर पहिली भिंत आधी लागते, मधल्या-लांब मार्गावर दुसरी आणि अतिलांब मार्गावर तिसरी. एमटीओडब्ल्यूचे जास्तीचे टन विकत घेतल्याचा लाभ फक्त दुसरी भिंत जिथे आडवी येते तिथेच होतो. बाकी सर्व ठिकाणी ते टन कपाटात पडून राहतात आणि त्यांचे भाडे मात्र चालू राहते.

मुंबई-लंडन घ्या. अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, जाताना साधारण दहा तास. ए-३५०-९०० चे शून्य-इंधन वजन १९५ टन धरले, तासाला सहा टनांच्या आतबाहेर इंधन आणि सात टन राखीव धरले, तर विमान पोटभर भरूनही उड्डाणाच्या वेळी २६२ टनांच्या आसपास होते. आकाशमार्ग बंद पडल्याने वळसा घ्यावा लागला तर आणखी चार-पाच टन मिळवा. म्हणजे २६८ टनांचा कागदही या मार्गाला पुरतो आणि २८० टनांचा असेल तर त्यातले दहा-बारा टन लंडनला कधीच कामी येत नाहीत. या मार्गावर माल मागे राहिलाच, तर तो शून्य-इंधन वजनाच्या भिंतीशी अडतो. म्हणून ज्या समित्या युरोपच्या मार्गांसाठी एमटीओडब्ल्यूवर घासाघीस करतात, त्यांनी तीच ताकद शून्य-इंधन वजन आणि उतरण्याचे कमाल वजन यांवर लावली तर अधिक बरे. उत्पादक हे तीन आकडे संच म्हणून देतात, आणि काही संचांत उड्डाण वजन कमी करून शून्य-इंधन वजन वाढवून मिळते. मुंबई-लंडनला असा संच सोन्यासारखा आहे.

आता मुंबई-न्यूयॉर्क. सुमारे १२,५०० किलोमीटर, वाऱ्याविरुद्ध पंधरा-सोळा तास. त्याच ढोबळ हिशेबाने इंधनच शंभर टनांच्या घरात जाते. २८० मधून शंभर वजा केले की शून्य-इंधन वजनासाठी १८० उरतात, म्हणजे पहिल्या भिंतीपासून आपण पंधरा टन अलीकडेच थांबलो. इथे मात्र कागदावरचा प्रत्येक टन जिवंत आहे. तो पूर्णपणे मालाच्या वाट्याला येत नाही. विमानात वाढवलेले वजन वाहून नेण्यासाठी दर तासाला त्या वजनाच्या तीनेक टक्के जादा इंधन जळते, त्यामुळे इतक्या लांबच्या उड्डाणात उड्डाण वजनातल्या एका टनामागे सुमारे ७०० किलोच पदरात पडतात. तरीही २८० ऐवजी २८३ टन असतील, तर रोज दोन टन जास्त.

हे दोन टन कसले, ते सांगतो, कारण समितीच्या बैठकीत ते 'पेलोड' (विमानातली माणसे, सामान आणि माल यांचे वजन) या एका शब्दात विरून जातात. एप्रिल आणि मे महिन्यांत मुंबईच्या कार्गो टर्मिनलवर देवगड-रत्नागिरीचा हापूस येतो. अमेरिकेला जाणारा आंबा वाशीच्या पणन मंडळाच्या विकिरण केंद्रातून जातो, साडेतीन किलोच्या पेट्यांत भरला जातो आणि त्याला वाट पाहणे परवडत नाही. पेटीचे पुठ्ठ्यासह वजन धरले तरी दोन टनांत पाचशेच्या वर पेट्या जातात. विमान वजनात अडले की आधी माल खाली उतरतो, मग गरज पडली तर सामान, आणि माणसे सर्वांत शेवटी. हा क्रम योग्यच आहे. पण कोकणातल्या बागायतदाराला आपली पेटी का राहिली हे कोणी सांगत नाही, आणि कारण बहुधा हवामान असे लिहिले जाते. अमेरिकेला आंबा २००७ पासून पुन्हा जाऊ लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअर इंडियाने ७७७-२००एलआर विमानाने मुंबई-न्यूयॉर्क थेट सेवा सुरू केली होती. त्या विमानाचे कमाल उड्डाण वजन ३४७ टन होते आणि ते बनलेच अशा मार्गांसाठी होते. पुढे कंपनीने आठांपैकी पाच विमाने एतिहादला विकली. त्या विक्रीमागे अनेक कारणे होती, आणि त्या वादात मी शिरत नाही. एवढे मात्र खरे, की ज्या विमानाची टाकी आणि चाके अतिलांब पल्ल्यासाठी बनवलेली असतात ते मध्यम पल्ल्यावर चालवले, तर त्याचे रिकामे वजनच दररोज इंधन खात राहते.

आता ऋतू आणि वेळ. प्रमाणपत्रात २८० टन लिहिले म्हणून सांताक्रूझच्या धावपट्टीवरून २८० टन उचलता येतीलच असे नाही. त्या दिवशी, त्या तासाला, त्या धावपट्टीवरून नियमाने किती उचलता येईल तो आकडा वेगळा. लोड कंट्रोलमध्ये आम्ही त्याला आरटीओडब्ल्यू म्हणत असू. तो ठरतो तापमान, वारा, हवेचा दाब, धावपट्टीची लांबी, तिचा ओलावा आणि पुढच्या अडथळ्यांवरून. या मोठ्या इंजिनांचा पूर्ण जोर समुद्रसपाटीला साधारण ३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो, त्यापुढे तापमान चढेल तसा तो उतरतो, आणि विरळ हवेत पंखांनाही जास्त वेग लागतो. मुंबईत मे महिन्यातली दुपार ३३-३४ अंशांची असते. मध्यरात्रीनंतर पारा २८-२९ वर येतो, आणि उष्णतेमुळे वजनात बसणारा दंड जवळजवळ संपतो. म्हणजे त्याच विमानाला, त्याच दिवशी, रात्री दोनला जे टन उचलता येतात ते दुपारी तीनला येतीलच असे नाही. आंब्याचा हंगाम नेमका याच महिन्यांत यावा, ही निसर्गाची थट्टा आहे.

यातून निघणारा निष्कर्ष खरेदी विभागाला आवडणार नाही. वेळापत्रकात दुपारची वेळ घेऊन वर सर्वांत जड कागद विकत घेणे म्हणजे एकाच वेळी दोनदा पैसे घालवणे. रात्री एकची वेळ मिळवून २८० टनांवर समाधान मानणे अनेकदा दुपारच्या २८३ टनांपेक्षा जास्त माल नेते. वेळ ठरवणारा विभाग एका मजल्यावर आणि वजन ठरवणारा दुसऱ्या मजल्यावर बसत असेल, तर त्यांनी निदान उन्हाळी वेळापत्रकापुरते एका टेबलावर यावे.

धावपट्टीबद्दलही बोलले पाहिजे. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७ सुमारे ३,४५० मीटर लांब आहे. तिच्यावरून पश्चिमेकडे उडाले की जुहूपलीकडे समुद्र, त्यामुळे अडथळ्यांची फिकीर कमी. पूर्वेकडे उडायचे झाल्यास घाटकोपरच्या टेकड्या हिशेबात येतात. दुसरी धावपट्टी १४/३२ सुमारे २,९०० मीटर, आणि आग्नेयेला ट्रॉम्बेची टेकडी. दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दुरुस्तीसाठी मुख्य धावपट्टी बंद असण्याचे तास असतात, आणि पावसाळ्यात ओल्या पृष्ठभागावर उड्डाण रद्द करून थांबायला जास्त अंतर लागते. ज्या विमानाचे वजन १४/३२ वर बसवता येत नाही, त्याने बंदच्या तासांत माल सोडावा किंवा थांबावे, एवढेच पर्याय उरतात. नवी मुंबईच्या विमानतळाची धावपट्टी ३,७०० मीटरची आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. लांब पल्ल्याची उड्डाणे तिकडे नेण्याचा विचार ज्या कंपन्या करतील, त्यांनी वजनाचा हिशेब तिथल्या धावपट्टीवर आणि भोवतालच्या डोंगरांवर नव्याने मांडावा. सांताक्रूझचा तक्ता तिथे उचलून नेता येणार नाही. बंगळुरू आणि दिल्लीचे आकडे मुंबईला लावण्याची चूक तर मुळीच करू नये : एक ९१५ मीटर उंचीवर, दुसऱ्या ठिकाणी मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे. ताफ्याचे वजन दिल्लीत बसून ठरते, हे मला माहीत आहे. म्हणूनच पत्र मुंबईतून लिहावे लागले.

आता न वापरलेल्या टनांच्या भाड्याविषयी. आपल्याकडे मोठ्या विमानतळांचे लँडिंग शुल्क विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवते, आणि ते विमानाच्या प्रमाणित कमाल वजनावर प्रतिटन आकारले जाते. विमान त्या दिवशी अर्धे रिकामे आले की भरलेले, याच्याशी शुल्काचा संबंध नाही. २५० टनांच्या जागी २८० टनांचा कागद असेल, तर प्रत्येक उतरण्याला निदान १२ टक्के जास्त मोजावे लागतात. युरोपातून जाताना युरोकंट्रोल या तिथल्या हवाई वाहतूक संस्थेचे मार्ग-शुल्क वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, त्यामुळे तिथे हाच फरक सहा टक्क्यांच्या जवळ येतो. शिवाय एकाच विमानाची अनेक वजने प्रमाणित असतील तर तिथे सर्वांत मोठे धरले जाते. लंडनमध्ये रात्रीच्या उड्डाणांना आवाजाचा कोटा लागतो, आणि तो कोटाही प्रमाणित वजनाला मोजलेल्या आवाजावरून ठरतो. काही कंपन्या केवळ त्यासाठी वजन उतरवून घेतात.

टन मोजून शुल्क घेण्याची ही पद्धत मला फारशी न्याय्य वाटत नाही, हे जाता जाता नोंदवतो. धावपट्टीची झीज विमानाच्या एकूण वजनाइतकीच चाकांवरही अवलंबून असते. ए-३५०-९०० ला मुख्य चाके आठ, तर ७७७-३००ईआर ला बारा. नव्वद टक्क्यांहून अधिक भार या चाकांवर असतो हे धरले, तर २८० टनांच्या ए-३५० चे एक चाक ३२ टनांच्या आसपास दाब देते आणि ३५१ टनांच्या ७७७ चे २७ टन. हलके विमान जमिनीला जड पडते, आणि पावती मात्र उलट फाडली जाते. पण शुल्काचा कायदा बदलणे आपल्या हातात नाही, कागदावरचा आकडा आहे.

तो आकडा जाणीवपूर्वक खाली ठेवून उत्तम धंदा केल्याचे उदाहरण जपानचे आहे. तिथल्या कंपन्यांनी देशांतर्गत मार्गांसाठी ७४७-४००डी ही आवृत्ती घेतली. साडेपाचशेच्या वर खुर्च्या, पंखांची उभी टोके काढलेली, आणि उड्डाण वजन सुमारे २७२ टन, जेव्हा नेहमीचे ७४७-४०० जवळपास ३९७ टनांचे होते. जम्बोला कमी टनांत बसवणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये पहिले ए-३५० सेवेत आले तेव्हा काही महिने ते देशांतर्गत मार्गांवर उडाले. वैमानिकांच्या सरावासाठी ते आवश्यकच होते. पण वाइड-बॉडी विमाने दिल्ली-मुंबई किंवा आखाती देशांत कायम फिरवायची असतील, तर त्यांना न्यूयॉर्कचा कागद लावू नये. भरलेले ए-३५० दुबईला जाताना २२५ टनांच्या पुढे क्वचितच जाईल.

यावर आपल्या नियंत्रण कक्षातून येणारा आक्षेप मी आत्ताच ऐकू शकतो. ताफ्यातली विमाने वेगवेगळ्या वजनांची झाली, की न्यूयॉर्कचे विमान बिघडल्यावर दुबईचे त्याच्या जागी लावता येत नाही, आणि मध्यरात्री तीनशे प्रवासी हॉटेलात पाठवावे लागतात. आक्षेप खरा आहे. वजन बदलले की उतरण्याच्या चाकांच्या आयुष्याचा हिशेबही बदलतो, हेही अभियांत्रिकी विभाग सांगेल. म्हणून प्रत्येक मार्गासाठी वेगळे वजन असा माझा आग्रह नाही. एका जातीच्या विमानांत दोन गट पुरेत : एक अतिलांब पल्ल्याचा, कमाल वजनाचा, त्यात एक विमान राखीव, दुसरा युरोप, आग्नेय आशिया आणि आखाताचा, उतरवलेल्या उड्डाण वजनाचा पण चढवलेल्या शून्य-इंधन वजनाचा. दोन गटांत अदलाबदल दर आठवड्याला करायची नाही, वेळापत्रकाच्या हंगामाबरोबर वर्षातून दोनदा करायची.

त्यासाठी करारातच दोन्ही दिशांचा हक्क हवा. वजन वाढवण्याचा भाव बहुतेक कंपन्या विमान मागवतानाच ठरवून ठेवतात. कमी करून पुन्हा वाढवण्याचा भाव ठरवायला मात्र विसरतात, आणि मग पाच वर्षांनी उत्पादक सांगेल ती किंमत मोजतात. भाड्याच्या विमानांत हा हक्क मालकाकडे असतो आणि मालकाला पुनर्विक्रीसाठी जड कागदच प्रिय असतो. तिथे उतरवलेल्या वजनाची तात्पुरती परवानगी भाडेकरारातच लिहून घ्यावी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे असा बदल नेताना प्रत्येक विमानासाठी स्वतंत्र अर्ज करण्याऐवजी गटाचा एकत्रित प्रस्ताव द्यावा, ही सूचना कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात वर्षे काढलेल्या माणसाची आहे.

शेवटची विनंती अगदी छोटी. येत्या उन्हाळी वेळापत्रकात, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर, मुंबईहून निघालेल्या प्रत्येक वाइड-बॉडी उड्डाणासाठी तीन आकडे एका तक्त्यात नोंदवावेत : प्रमाणित कमाल वजन, त्या तासाला नियमाने उचलता येणारे वजन (आरटीओडब्ल्यू) आणि प्रत्यक्ष उड्डाण वजन. चौथ्या रकान्यात माल मागे राहिला असल्यास तो कोणत्या भिंतीशी अडला ते लिहावे. या चारही नोंदी लोडशीटवर आणि उड्डाणाच्या कागदांत आजही असतात. ते कागद उड्डाणानंतर गठ्ठ्यात बांधले जातात आणि ठरलेली मुदत संपली की फाडले जातात. नोव्हेंबरमध्ये तो तक्ता खरेदी समितीपुढे ठेवावा, आणि पुढच्या विमानाचे टन त्यानंतर ठरवावेत.

आपला,
एक निवृत्त लोड कंट्रोल अधिकारी
विलेपार्ले (पूर्व), मुंबई